न ठरवता बोललेली भाषा

तंजावूर,
१२ जुलै १९९४

चि. सौ. कमलाक्षीस अनिरुद्धअण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. पोस्टमननं नेहमीसारखं "रायरे, पुण्याहून वीट आली" म्हणत दाराबाहेरच्या तिण्णैवर, ओट्यावर ठेवलं. तीनशे वर्षं झाली, आपण मराठी राव अजून इकडे रायरच. विटेत तुझ्या घोटवडेकरसरांचे निबंध. तू ज्या छापखान्यात प्रुफं तपासतेस तिथंच छापलेले, म्हणून आईनं पुस्तक आधी डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "कमळीचा हात लागलेला आहे रे ह्याला."

आमचा रिवाज तुला ठाऊकच आहे. राजवाड्यामागच्या ह्या गल्लीत देवनागरी वाचणारा मी एकटा, तेही तरुणपणी हिंदीच्या परीक्षा दिल्यामुळे. मी दिवेलागणीला मोठ्यानं वाचतो. पुस्तकी शब्द अडला की आई हात वर करते, मी तो आपल्या बोलीत फिरवून सांगतो. दुसऱ्या दिवशी ती तेंच शेजारच्या गुरुराजच्या बायकोला सांगते, तेव्हा मूळ लेखकाहून बेष होतं.

कमळी, पुस्तक काय आहे गं! राष्ट्र म्हणजे काय, राष्ट्राचं साहित्य कशाला म्हणावं, माणूस कोणत्या भाषेचा, हे असं कोणी मला चाळीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी शाळेत इतिहास निराळा शिकवला असता. एक वाक्य तर मी जननीच्या वहीत तमिळ अक्षरांत लिहून दिलं: "ज्या भाषेत माणूस न ठरवता बोलतो, तीच त्याची भाषा." नात पंधरा वर्षांची. मराठी अस्की कळते, उत्तर मात्र तमिळमध्ये. तिला म्हटलं, हें वाच, लाज वाटू दे थोडी.

आणि मग पाचवा निबंध. भाषा आणि भूमी. मी वाचत होतो आणि थांबलो. आई म्हणाली, "काय रे, पान चिकटलं की?" मी दुसरं काहीतरी बनवून वाचायला हवं होतं. पण सवयच नाही ना. वाचलं: "तंजावूरची मराठी आता दगडावर आहे, जिभेवर नाही. मोठ्या देवळाच्या भिंतीवर ती कोरलेली सापडते. घरांत ती मेली."

आई सरळ होऊन बसली. मग भडकली. "मेली म्हणतो की तो? मग मी बोलतें तें काय पिशाच बोलतें? त्याला कोणी सांगितलं? येऊन बघितला होता कोठें?"

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला कोणी पुण्यात बसून मेली म्हणायचं, आणि तेही इतक्या सुंदर पुस्तकात! कोणी फालतू माणसानं लिहिलं असतं तर मी हसलो असतो. तुझे सर आहेत. त्यांना सांग, हें वाक्य काढा. आई असेपर्यंत काढा. तिला छापलेलं दाखवायचं आहे मला.

तुझा,
अनिरुद्धअण्णा


पुणे,
३ ऑगस्ट १९९४

ती. अण्णा,
कमळीचा साष्टांग नमस्कार. आत्याला माझ्या वतीनं पाय धरून सांग, "तुम्ही मेला नाहीत, हे छापखान्याला कळवलंय."

अरे, मी तो निबंध तीनदा तपासलाय! खरं सांगते, प्रुफं वाचताना आम्ही अक्षरं बघतो. ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार, शब्द तुटलाय का. अर्थ कोण बघतो? "तंजावूर" मधला ऊ दीर्घ आहे ना, एवढं पाहून मी पुढे गेले असणार. तुझं पत्र वाचून पान काढलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं.

पण अण्णा, बातमी चांगली आहे. सर प्रुफं न्यायला आले तेव्हा मी धीर करून बोलले. वाटलं होतं चिडतील. तर म्हणाले, "बाई, मला कोणीतरी सांगितलं ते मी लिहिलं. चूक असेल तर दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करीन. पण मी स्वतः ऐकायला हवं." आणि फेब्रुवारीत ते राजवाड्यातल्या ग्रंथालयात हस्तलिखितं बघायला तिकडे येतायत! मी तुमचा पत्ता दिला. एक दिवस तुमच्याकडे जेवायला येतो म्हणाले.

आता नीट ऐक. घरचं बोलणं त्यांच्यापुढे तसंच्या तसं नको. मी सून म्हणून इथं आले तेव्हा पहिल्याच दिवशी म्हटलं, "मज भूक लागली." सासूबाई, नणंदा, शेजारच्या बायका, सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. वर्षभर मला "मज" म्हणूनच हाक मारायच्या. त्यानंतर मी दात ओठ खाऊन शिकले. तुमच्यावर तशी वेळ नको यायला. जननीला दोन ओळी स्वच्छ पाठ करून घे. आत्याला "अस्की" आणि "व्हंय" जरा आवरायला सांग. तू तर वाचलेला माणूस आहेस, तुला काय सांगायचं. जेवायला पोळ्या करा, सर भात कमी खातात.

वाक्य गेलंच म्हणून समज.

तुझी,
कमळी


तंजावूर,
२८ ऑक्टोबर १९९४

चि. सौ. कमलाक्षीस आशीर्वाद.

तयारी जोरात चालली आहे. गावातही आणि घरातही. गावात जानेवारीत जागतिक तमिळ परिषद भरणार, म्हणून रस्ते उकरलेत, पुतळे धुतायत, भिंती रंगवतायत. मी म्हटलं, घ्या, त्यांची भाषा रस्त्यावर, आपली स्वैपाकघरात.

तुझ्या सूचना अमलात आणल्या. रोज संध्याकाळी वाचनाऐवजी तालीम. जननी हुशार आहे गं. सरांचाच पहिला निबंध, पहिली दोन पानं, तोंडपाठ. एक अक्षर चुकत नाही. मी मधेच थांबवून विचारलं, "अर्थ काय ह्याचा?" तर तमिळमध्ये म्हणते, "तात्ता, मधे बोलू नका, विसरते." पोर आहे.

सूनबाई अखिला पोळ्या शिकते आहे. तिरुवैयारुच्या घरातली, जन्म भातात गेला, पोळ्या श्रीलंकेच्या नकाशासारख्या होतात. मुलगा रघुराम मद्रासच्या कंपनीतून फोन करतो, एसटीडीचे पैसे घालवून सांगतो, "अप्पा, तुम्ही ह्या वयात परीक्षेला बसल्यासारखं काय करता?" त्याला काय कळतंय. कंपनी त्याला अमेरिकेला पाठवणार असं म्हणतो आहे, त्याला आता सगळं जगच घर.

आईचं मात्र जरा जड जातंय. पहिले काही दिवस हसण्यावारी नेलं. मी म्हणायचो, "आई, अस्की नको, सगळं म्हण." ती म्हणायची, "सगळं म्हटलं तर अस्की कोठें जाईल रे, रस्त्यावर?" पण रोज रोज टोकलं की माणूस कंटाळतो. आता बोलण्याआधी माझ्याकडे बघते. काल गुरुराजच्या बायकोपाशी गोष्ट सांगत होती, मी आत आलो आणि तिनं गोष्ट अर्ध्यावर सोडली. मला जरा वाईट वाटलं. पण फेब्रुवारीपर्यंतच तर आहे. मग बोलेल की हवं तसं.

अण्णा


पुणे,
९ जानेवारी १९९५

ती. अण्णा,
सरांचं तिकीट निघालं. कुंभकोणमला एक दिवस राहून सतरा फेब्रुवारीला सकाळच्या गाडीनं तंजावूरला येतील. खूश आहेत. मला म्हणाले, "तुमच्या आत्याबाईंना भेटायची उत्सुकता आहे."

मला रात्री झोप येत नाही बघ, माझंच लग्न असल्यासारखं. आत्याला नऊवारी नेसव, ती तुमच्याकडची दक्षिणी तऱ्हेची नको, चारचौघीत दिसेल अशी. आणि अण्णा, घाबरू नको. तुझी पत्रं मी इथं प्रेसमध्ये वाचून दाखवते, सगळे म्हणतात, मद्राशाचं मराठी वाटतच नाही.

कमळी


तंजावूर,
२० फेब्रुवारी १९९५

चि. सौ. कमलाक्षीस अनेक आशीर्वाद.

फत्ते! तुझे सर येऊन गेले आणि काय सांगू, सोन्याचा दिवस.

आपल्यात मोठा पाहुणा यायचा तर एक गाव पुढे जाऊन आणायचा असतो. म्हणून मी पहाटेच पापनाशम स्टेशनवर जाऊन उभा राहिलो आणि त्यांच्याच डब्यात चढलो. साधा माणूस गं! झब्बा, खांद्याला झोळी. मी हात जोडले आणि आधीच ठरवल्याप्रमाणे इंग्रजीत सुरुवात केली. म्हटलं, गाडीत घाईघाईत मराठीची चूक झाली तर पहिलाच घास माशीचा. पापनाशमपासून तंजावूरपर्यंत मी त्यांना भोसले राजांचा सगळा इतिहास सांगितला. ते एकदोनदा मराठीत काही म्हणाले, मी इंग्रजीतच रेटलं. घरी आल्यावरही तोच सूर राहिला, आता मधेच भाषा कशी बदलायची? पण फार लक्षपूर्वक ऐकत होते.

जननीनं दोन्ही पानं म्हटली. हात जोडून, डोळे मिटून. सर थक्क!  मग तिला मराठीत विचारलं, "बाळ, तुला यातलं काय आवडलं?" ती माझ्याकडे बघायला लागली. कळलं होतं तिला, पण उत्तर पाठ नव्हतं ना. मी सांभाळून घेतलं, म्हटलं, शी इज शाय.

अखिलाच्या पोळ्या अगदी गोल. सरांनी विचारलं, "तुमच्याकडचं रोजचं काय असतं?" मी म्हटलं, धिस ओन्ली. अखिला माझ्याकडे अशी बघत होती की मला हसू आलं.

आईनं मान राखला. नेसवलेलं तिला जरा ओझं झालं असावं, पण ताठ बसली. सर तिच्याजवळ जमिनीवर बसले, म्हणाले, "आजी, काही बोला की." ती हसली. त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा हसली. चुकीचं काही बोलून बसली नाही, ही केवढी गोष्ट. निघताना दारापर्यंत आली आणि "पोयिट्टु वांग", जाऊन या, म्हणून निरोप दिला. मी चरकलोच, तमिळ निघालं तोंडून! पण सरांनी वाकून नमस्कार केला, म्हणजे मनाला लावून घेतलं नसावं.

आता दुसरी आवृत्ती कधी? ते पान आलं की आधी मला पाठव. आईला वाचून दाखवीन आणि मग तिला म्हणेन, आता बोल बाई हवं तसं.

तुझा,
अण्णा


पुणे,
२५ एप्रिल १९९५

ती. अण्णा,
उशीर झाला, रागावू नको. इथं ऊन फार आहे. ह्यांचं ब्लडप्रेशर वाढलं होतं, आता बरं आहे. प्रेसमध्ये कॉम्प्युटर आला, खिळे जुळवणारी माणसं कमी करतायत, त्या गडबडीत आवृत्ती कधी निघेल देव जाणे. सरांची माझी तशी गाठ नाही.

आत्या बोलते ना पहिल्यासारखी? तिला जवळ बसवून बोलत जा. काहीही बोल. शिकवू नको.

कमळी


तंजावूर,
३० जून १९९५

चि. सौ. कमलाक्षीस आशीर्वाद.

तुझं एवढंसं पत्र. तू माझ्यापासून काही लपवतेस. लहानपणी आमच्या घरी असताना शेजारच्या मामांचं घड्याळ फोडलंस तेव्हा अशीच उन्हाबद्दल बोलत होतीस.

तू विचारलंस म्हणून सांगतो. आई बोलत नाही. म्हणजे बोलते, पण तमिळ. फेब्रुवारीत तालीम संपली, मी म्हटलं, आई, झालं, आता मोकळी. तर तमिळमध्येच म्हणाली, "कशाला उगीच, चुकायला?" मला वाटलं रुसली आहे, दोन दिवसांत येईल वळणावर. चार महिने झाले. अखिलाशी तमिळ, जननीशी तमिळ, देवाशीसुद्धा तमिळ. गुरुराजची बायको आता गोष्ट ऐकायला येत नाही, घरी नवीन तमिळ चॅनल आलाय, तिथं बसते.

मी वाचन पुन्हा सुरू केलं. ती ऐकते, पण हात वर करत नाही. कळतंय की नाही तेही कळत नाही. भिंतीला वाचून दाखवल्यासारखं होतं.

ते पान आलं की सुधारेल. लवकर पाठव.

अण्णा


पुणे,
१४ ऑगस्ट १९९५

ती. अण्णा,
आता लपवत नाही. पान एप्रिलमध्येच माझ्या टेबलावर आलं होतं. माझी तुला पाठवायची छाती झाली नाही. लिहिते, मन घट्ट करून वाच आणि आत्यापुढे वाचू नकोस.

"तंजावूरच्या मराठीविषयीचं माझं विधान काहींना खटकलं. म्हणून मी स्वतः जाऊन एका सुसंस्कृत मराठी घरी दिवसभर राहिलो. यजमान आत्मीयतेनं वागले आणि इंग्रजीत बोलले. नातीनं माझाच मजकूर मंत्रासारखा म्हणून दाखवला. तिला त्यावर एक वाक्य बोलता आलं नाही. त्या घरात मराठीत जे काही झालं ते सगळं आधी ठरवलेलं होतं. न ठरवता आलेले शब्द मला एकदाच ऐकू आले, वृद्ध आजींनी दारात निरोप दिला तेव्हा. ते तमिळ होते. माझं विधान मी दुःखानं कायम ठेवतो."

अण्णा, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि तो हात मी पुढे करायला लावला. तुम्ही घरी बोलता तसं बोलला असता तर त्या माणसानं तुम्हाला डोक्यावर घेतलं असतं. माझ्या सासूबाई हसल्या होत्या, सर हसले नसते. मला पस्तीस वर्षांत एवढं कळू नये?

मी गप्प बसले नाही. गेल्या आठवड्यात सरांच्या घरी गेले. जाताना रिक्षात ठरवलं, आज त्यांच्यापुढे आपलं बोलायचं. मज म्हणायचं, अस्की म्हणायचं, आत्या बोलते तसं, खणखणीत. म्हणजे त्यांना ऐकू येईल. दार उघडलं, बसले, तोंड उघडलं आणि अण्णा, येईना रे. एक वाक्य सुरू केलं, माझंच मला नाटकातलं वाटलं. पुढे सगळं पुण्याचंच निघत गेलं. सर शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही तर आमच्यासारखंच बोलता." मी तिथंच रडले. त्यांच्या बायकोनं पाणी आणून दिलं.

माणूस वाईट नाही. म्हणाले, "दिवाळीनंतर छापायला जाईल. तोवर त्या घरातलं रोजचं बोलणं टेप करून पाठवा. चहा-पाण्याचं, भांडणाचं, कसलंही. मी परिच्छेद काढून टाकतो आणि माफी छापतो." मी दोन कोऱ्या कॅसेट पाठवल्या आहेत. आत्याला कळू न देता चालू कर. एवढं एक कर, अण्णा. अजून वेळ आहे.

कमळी


तंजावूर,
१६ ऑक्टोबर १९९५

चि. सौ. कमलाक्षीस आशीर्वाद.

कॅसेट परत पाठवत आहे. दोन्ही.

पहिली भरली आहे. जननीचा टेपरेकॉर्डर उशाशी लपवून ठेवला आणि आईपाशी जाऊन बसलो. मराठीत विचारलं, पाय दुखतात की? ती तमिळमध्ये म्हणाली, दुखतात. मराठीत विचारलं, कमळी लहानपणी विहिरीत कशी पडली होती ती गोष्ट सांग. तिनं सांगितली. सगळी, तुझ्या लाल परकरासकट. तमिळमध्ये. गोष्ट तीच, हसण्याच्या जागाही त्याच. मी मधे मधे मराठीत बोलत राहिलो आणि मला कळलं की टेपवर जे चाललंय त्यात ठरवून बोलणारा मीच आहे.

शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, आई, तुझ्या पाया पडतो, एकदा आपलं बोल.  रागावली नव्हती. माझ्या गालावर हात फिरवला आणि तमिळमध्ये म्हणाली, "तूच तर बरोबर नाही म्हणालास, कण्णा बाळा."

ते टेपवर आहे. मला ते सरांना ऐकवायचं नाही.

मग जननीला म्हटलं, तू बोल. ती बिचारी तयार झाली. विचारलं, "तात्ता, काय म्हणायचं ते लिहून द्या." मी बटण बंद केलं. दुसरी कॅसेट कोरी आहे.

सरांना सांग, परिच्छेद राहू द्या. मी त्यांच्याशी भांडायला निघालो होतो तेव्हा ते चुकले होते. आता नाहीत. आम्हीच पुढे होऊन त्यांचं खरं करून दिलं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, असं म्हणायचीही सोय नाही. त्यांनी काही खाल्लंच नाही.

रघुरामचं अमेरिकेचं ठरलं. उन्हाळ्यात अखिला आणि जननीही जातील.

अण्णा


पुणे,
८ डिसेंबर १९९५

ती. अण्णा,
शेवटचं प्रूफ काल माझ्याकडे आलं. दुसऱ्या कोणाला द्या असं मी म्हणाले, तर आता तपासणारी मी एकटीच उरले आहे. कॉम्प्युटरचं काम, खूप चुका असतात. तो परिच्छेद मी या वेळी अर्थासकट वाचला. चूक सापडावी म्हणून वाचला. एक वेलांटी, एक अनुस्वार, काहीतरी. म्हणजे निदान लाल पेन्सिलीनं त्यावर एक रेघ मारता आली असती. एकही चूक नव्हती. मी खाली सही केली आणि पान पुढे दिलं.

घरी येऊन दार लावून आरशापुढे उभी राहिले आणि म्हटलं, "मज भूक लागली." कोणी हसलं नाही. मलाही काही वाटलं नाही.

आत्याला माझा नमस्कार सांग. कोणत्या भाषेत सांगायचा ते तूच ठरव.

कमळी


तंजावूर,
२२ मार्च १९९६

चि. सौ. कमलाक्षीस आशीर्वाद.

आई सोमवारी गेली. तार केली होती, मिळाली असेल. त्रास झाला नाही. पहाटे "तण्णी" म्हणाली, मी फुलपात्र तोंडाला लावलं, दोन घोट घेतले. तिच्या कानात काय म्हणावं ते मला सुचेना. वडील गेले तेव्हा तिनं त्यांच्या कानात आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं होतं, काय ते मी कधी विचारलं नाही. मी तिचा हात धरून बसलो, बस्स. मला फार रडू आलं, अजून येतं.

पुस्तकाची नवी आवृत्ती कालच पोचली. पोस्टमननं ओरडून तिण्णैवर ठेवलं नाही, घरात सुतक आहे हे त्याला ठाऊक होतं, हातात आणून दिलं. कपाटात ठेवलं आहे. उघडलं नाही. सुंदर पुस्तक आहे, कोणी मागितलं तर देईन. मागणारं कोणी नाही ह्या गल्लीत.

तुझंही पत्र त्याच्याबरोबर आलं, तार मिळण्याआधी लिहिलेलं. तुला आठवतं, तुझं पत्र आलं की आई हातातलं टाकून यायची, "कमळी काय लिहिते रे, अस्की वाच" म्हणायची. मी मोठ्यानं वाचायचो. काल मी ते मनात वाचलं. चार पानं भरून लिहिलंस, आई तुला न्हाऊ घालायची ते, तुझ्या केसांतला रिठा डोळ्यांत जायचा ते. वाचून घडी घालत होतो, तेवढ्यात जननी आली. डोळे सुजलेले पोरीचे. तमिळमध्ये विचारलं, "तात्ता, पुण्याच्या पाट्टीनं काय लिहिलंय?"

मी तिला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. रिठ्याचं, विहिरीचं, सगळं. ती हसलीसुद्धा एकदा. सांगून झाल्यावर ती उठून गेली, आणि मग माझ्या लक्षात आलं की पहिल्या शब्दापासून मी तमिळमध्ये सांगत होतो.

कमळी, मी ते ठरवलं नव्हतं.

अण्णा